आयएसएस जनुक धडधाकट कोंबडीतही आलं, आता अर्थ काय लावायचा?

नमस्कार डॉक्टर,

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. काटोल रोडच्या बाजूला एका ब्रॉयलर फार्मवर चौथ्या आठवड्यात मरतूक वाढली. मेलेल्या पक्ष्यांचे आणि त्याच शेडमधल्या धडधाकट पक्ष्यांचे क्लोएकल स्वॅब (गुदमार्गातून कापसाच्या बोळ्याने घेतलेले नमुने) घेऊन तुम्ही ई. कोलाय जिवाणू वेगळे केले, त्यांच्यातल्या रोगकारकतेशी जोडलेल्या आयएसएस जनुकासाठी पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून शोधणारी चाचणी) लावलं आणि बँड, म्हणजे तो तुकडा सापडल्याची जेलवरची रेघ, दोन्ही गटांत आला. आता पीसीआर फसलं का, आणखी किती जनुकं लावायची, साधं पीसीआर पुरे की रिअल-टाइम (तुकडा वाढताना मोजणारं) हवं, विष्ठेतून थेट पीसीआर का नको, आणि हेच पॅनल (जनुकांचा संच) वासरांच्या हगवणीला चालेल का, असं तुम्ही विचारलं आहे. शेवटची ओळ फार्ममालकाची आहे: "पक्षी मरून राहिले ना साहेब, औषध कोणतं टाकू ते सांगा."

नागपुरात पशुरोगनिदानाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, त्यातली बहुतेक जिवाणूंसोबत. असा निकाल हातात घेऊन गोंधळलेले तरुण पशुवैद्यक मला नेहमी भेटतात. तुमचं पीसीआर बहुधा फसलेलं नाही. तुम्ही जे विचारलं त्याचं उत्तर त्याने दिलं आहे. अडचण अशी की तुम्हाला विचारायचं होतं ते वेगळं होतं.

इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. एक, या जिवाणूकडे रोग करण्याची सामग्री आहे का? दुसरा, या पक्ष्यांना याच जिवाणूने मारलं का? जनुक शोधून पहिल्या प्रश्नाचं काही अंशी उत्तर मिळतं. दुसऱ्याचं उत्तर नमुना कुठून घेतला, पोस्टमॉर्टेमला काय दिसलं आणि तुलनेला काय ठेवलं, यावर ठरतं. जेलवरचा बँड एवढंच सांगतो की डीएनएचा तो तुकडा नळीत होता. ते जनुक त्या वेळी चालू होतं का, त्याचं प्रथिन तयार होत होतं का, आणि पक्ष्याची प्रतिकारशक्ती त्यासमोर टिकली की नाही, यातलं काहीच बँडला माहीत नसतं.

पुढे जे लिहितो त्यातलं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे. पक्षी मरून किती वेळ झाला होता, आधी पाण्यातून अँटिबायोटिक दिलं होतं का, प्रायमर (हवं ते जनुक पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) कुठून घेतले, स्वॅब लॅबपर्यंत कसे आले, हे तुमच्या प्रश्नात नाही. त्यामुळे मी माझ्या कामाची पद्धत आणि त्यामागचं कारण सांगतो. तुमच्या फार्मला जे लागू पडेल ते घ्या.

सगळ्यात आधी नमुना, कारण माझ्या मते तुमचं उत्तर इथेच अडलं आहे. ई. कोलाय प्रत्येक कोंबडीच्या आतड्यात असतोच. त्या गर्दीत रोगकारक जातकुळीचे, म्हणजे ज्यांना आपण एपेक म्हणतो तेही असतात आणि पक्षी मजेत दाणे टिपत असतो. क्लोएकल स्वॅब तुम्हाला आतड्यातली गर्दी दाखवतो. कोलीबॅसिलोसिसची, म्हणजे ई. कोलायमुळे होणाऱ्या रोगाची, वाट बहुतेक वेळा दुसरीकडून जाते: वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून आत जाते, श्वसनमार्गाचं अस्तर आधीच दुखावलेलं असतं, जिवाणू एअर सॅकमध्ये (फुप्फुसाला जोडलेल्या हवेच्या पिशव्यांत) ठाण मांडतात, तिथून रक्तात शिरतात आणि मग हृदयावरणावर, यकृतावर फायब्रिनचा पांढरट-पिवळसर थर धरतो. म्हणून नमुना तिथूनच हवा: हृदयातलं रक्त, यकृत, हृदयावरण, एअर सॅक. आतड्यातल्या आणि अवयवातल्या ई. कोलायमध्ये फरक दिसला तर तो फरक म्हणजे तुमचा खरा निकाल.

पक्षी ताजा मेलेला किंवा मरणासन्न असावा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात सकाळी मेलेला पक्षी दुपारी लॅबला आला तर आतड्यातले जिवाणू तोवर यकृतापर्यंत पोचलेले असतात, आणि यकृतातून आलेली वाढ वाचता येत नाही. असा पक्षी आलाच तर मी मांडीच्या हाडातल्या मज्जेतून नमुना घेतो, तिथे ही घुसखोरी सर्वांत उशिरा होते. यकृतावर तापवलेला स्पॅट्युला टेकवून वरचा पृष्ठभाग जाळा, मग आत लूप घाला. हे एक मिनिटाचं काम आहे आणि ते वगळलं की पुढची सगळी जनुकं संशयात येतात. स्वॅब ट्रान्सपोर्ट मीडियममध्ये, बर्फाच्या पॅकसोबत. मोटरसायकलच्या डिकीत नको.

मॅकॉन्की माध्यमावरून गुलाबी कॉलनी, ईएमबी माध्यमावर हिरवी धातूसारखी चमक, बायोकेमिकल चाचण्या, हे तुम्हाला ठाऊक आहे. एकाच कॉलनीवर थांबू नका, प्रत्येक अवयवातून चार-पाच घ्या. पण मोजताना जपा. एका पक्ष्याच्या यकृतातून आलेल्या पाच कॉलन्या बहुधा एकाच पूर्वजाच्या असतात. त्या पाच स्वतंत्र निरीक्षणं म्हणून तक्त्यात घातल्या तर टक्केवारी छान दिसते, पण ती खरी नसते. मोजायचं एकक पक्षी आहे आणि शक्य असेल तिथे फार्म. प्रबंधांमध्ये ही चूक मला इतकी दिसते की मुद्दाम लिहितो आहे.

तुलनेचा गट म्हणून त्याच शेडमधल्या धडधाकट पक्ष्यांचे तेच अवयव हवेत. त्यातून बहुधा काहीच वाढणार नाही, आणि ते न वाढणंही लिहून ठेवण्याजोगं आहे. त्यासोबत त्याच पक्ष्यांच्या आतड्यातले ई. कोलाय वेगळे ठेवा. मग तीन ढीग होतात: आजारी अवयवातले, आजारी आतड्यातले, निरोगी आतड्यातले. तिन्ही शेजारी ठेवले की जनुकं बोलू लागतात.

आता आयएसएसकडे येऊ. या जनुकाचं प्रथिन जिवाणूच्या बाहेरच्या आवरणात बसतं आणि रक्तद्रवातल्या कॉम्प्लिमेंटच्या (जिवाणू मारणाऱ्या प्रथिनांच्या) माऱ्यात त्याला तगायला मदत करतं. एपेकमध्ये ते बहुतेक वेळा कोल-व्ही प्रकारच्या मोठ्या प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यावर, असतं. इथपर्यंत ठीक. पण या जनुकाचं लॅम्डा फाजच्या (जिवाणूंना लागणाऱ्या एका विषाणूच्या) 'बॉर' नावाच्या जनुकाशी फार जवळचं नातं आहे. दोघांचा क्रम बराचसा सारखा आहे आणि साध्या, निरुपद्रवी ई. कोलायच्या गुणसूत्रातही फाजचे जुने अवशेष म्हणून बॉर बसलेलं असतं. प्रायमर नीट निवडलेले नसतील तर ते बॉरलाही पकडतात, बँड येतो आणि आपण तो आयएसएस म्हणून लिहितो. धडधाकट पक्ष्यांत तुम्हाला दिसलेल्या बँडचं हे एक संभाव्य कारण आहे.

तपासायला सोपं आहे. के-१२ वंशातला एखादा प्रयोगशाळेचा प्रकार, उदाहरणार्थ एमजी१६५५, याचा डीएनए तुमच्या प्रायमरसोबत लावून पाहा. तिथे बँड आला तर प्रायमर बदला. आला नाही तर निरोगी पक्ष्यांतलं आयएसएस खरं असण्याची शक्यता वाढते, कारण कोल-व्ही प्लाझ्मिड आतड्यातल्या ई. कोलायमध्येही फिरत असतं आणि एकाकडून दुसऱ्याकडे जातं. दोन-तीन बँड जेलमधून कापून सिक्वेन्सिंगला (डीएनएचा क्रम वाचायला) पाठवा, शंका मिटेल. त्याचा खर्च आता इतका राहिलेला नाही की शंका तशीच ठेवावी.

म्हणूनच एकट्या जनुकावर मी कधीच निकाल देत नाही. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी पुष्कळ एपेक आणि निरोगी पक्ष्यांच्या विष्ठेतले ई. कोलाय शेजारी ठेवून पाहिलं की कोणती जनुकं दोघांना सर्वांत चांगलं वेगळं करतात. त्यातून पाच जनुकांचा संच निघाला: आयआरओ-एन, ओएमपी-टी, एचएलवाय-एफ, आयएसएस आणि आययूटी-ए. पाचही प्लाझ्मिडवरची. आयआरओ-एन आणि आययूटी-ए लोह ओढून घ्यायच्या कामात आहेत, कारण पक्ष्याच्या शरीरात मोकळं लोह जवळपास नसतं आणि ज्याला ते मिळवता येतं तोच वाढतो. एपेक शोधायला आजही मी याच पाचापासून सुरुवात करतो. पंचवीस जनुकांचं पॅनल लावण्याची हौस आवरा. टीएसएच, पॅप-सी, व्हॅट, एएसटी-ए ही सगळी साहित्यात आहेत, पण सुरुवातीला त्यांनी निर्णय बदलत नाही, फक्त तक्ता रुंद होतो.

पाचपैकी किती आली म्हणजे एपेक म्हणायचं? इथे एकमत नाही. कोणी तीनवर रेघ ओढतं, कोणी चारवर. मी रेघेपेक्षा तीन ढिगांकडे पाहतो. अवयवातल्या ई. कोलायमध्ये चार-पाच जनुकं एकत्र वारंवार येत असतील आणि निरोगी आतड्यातल्यांमध्ये एखाद-दुसरंच विखुरलेलं असेल, तर गोष्ट स्पष्ट आहे. दोन्हीकडे सारखंच चित्र असेल तर शेडमध्ये एपेक सगळीकडे पसरलेला आहे आणि मरतुकीचं खरं कारण पक्ष्याच्या बाजूला शोधायला हवं. आणि एकही जनुक नसलेला ई. कोलाय यकृतातून शुद्ध आणि भरघोस वाढला, तरी त्याला निर्दोष समजू नका. गंबोरो या विषाणूजन्य रोगाने प्रतिकारशक्ती खचवलेल्या पक्ष्याला मारायला फार सामग्री लागत नाही.

या पाचांचं मल्टिप्लेक्स, म्हणजे एकाच नळीत अनेक जनुकांचं पीसीआर, लावताना जेलकडे लक्ष द्या. मूळ प्रायमरने आयएसएसचा तुकडा ३२३ बेसजोड्यांचा येतो आणि आययूटी-एचा ३०२ चा. २१ बेसजोड्यांचा फरक १ टक्का अगारोजवर दिसत नाही, दोन्ही मिळून एक जाड बँड होतो. २ टक्के जेल घ्या, सावकाश चालवा, १०० बेसजोड्यांचा लॅडर (तुकड्यांची लांबी मोजायची पट्टी) दोन्ही कडांना भरा. एचएलवाय-एफ ४५०, ओएमपी-टी ४९६, आयआरओ-एन ५५३. आणि ओएमपी-टीची एक प्रत के-१२ च्या गुणसूत्रावरही असते, आपल्याला हवी ती प्लाझ्मिडवरची. तोच एमजी१६५५ इथेही कामी येतो. मल्टिप्लेक्स आधी एकेका जोडीने बसवा. पाचही एकाच वेळी नळीत टाकून तापमान शोधत बसलात तर कोणती जोडी कोणाला दाबते आहे ते कळत नाही.

डीएनएसाठी शुद्ध कॉलनीला उकळणं पुरेसं आहे: थोडी वाढ शुद्ध पाण्यात मिसळा, १० मिनिटं उकळा, लगेच बर्फात, सेंट्रिफ्यूज, वरचं पाणी घ्या. पण हे पहिल्या-दुसऱ्या सबकल्चरमधूनच करा. मोठी प्लाझ्मिडं आणि एसटीएक्स (शिगा विषाचं जनुक) वाहून नेणारे फाज वारंवारच्या सबकल्चरमध्ये गळून पडू शकतात. सहा महिने स्लँटवर फिरवलेल्या कल्चरमध्ये जनुक आलं नाही म्हणजे मूळ जिवाणूत ते नव्हतं असं ठरत नाही. ग्लिसरॉल स्टॉक पहिल्याच दिवशी बनवा आणि उणे ८० ला ठेवा.

कंट्रोलबद्दल मी जरा हट्टी आहे. प्रत्येक फेरीत निदान चार नळ्या: खात्रीचा पॉझिटिव्ह, खात्रीचा निगेटिव्ह, डीएनएऐवजी पाणी घातलेली, आणि नमुन्याशिवाय पूर्ण एक्स्ट्रॅक्शनमधून गेलेली. शिवाय प्रत्येक नमुन्यात ई. कोलायचं एखादं कायम असणारं जनुक, मी यूआयडी-ए किंवा यूएसपी-ए घेतो. तेच आलं नाही तर बाकीची निगेटिव्ह उत्तरं फेकून द्यायची, कारण प्रतिक्रियाच चाललेली नाही. पाण्याच्या नळीत या ई. कोलायच्या जनुकाचा फिकट बँड उशिरा दिसला तर लगेच घाबरू नका: बाजारातलं टॅक एन्झाइम बहुतेक वेळा ई. कोलायमध्येच बनवलेलं असतं आणि त्याचा डीएनए अंशमात्र राहू शकतो. पण आयएसएस किंवा आययूटी-ए पाण्याच्या नळीत दिसलं तर ती फेरी रद्द. मास्टर मिक्स एका खोलीत, डीएनए घालणं दुसऱ्या ठिकाणी, जेल तिसऱ्या, आणि जेलच्या खोलीतला पिपेट, ॲप्रन, पेन परत पहिल्या खोलीत जाणार नाही. लॅब दोनच खोल्यांची असेल तर वेळ वेगळी ठेवा: मास्टर मिक्स सकाळी, जेल संध्याकाळी. फिल्टर टिप्सचा खर्च वाचवू नका.

खात्रीचे पॉझिटिव्ह प्रकार कुठून आणायचे? सेमिनरी हिल्सच्या आपल्या पशुवैद्यक महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य विभागांना रीतसर पत्र देऊन विचारा. चंदीगडचं एमटीसीसी आणि हिसारचं पशुवैद्यकीय टाइप कल्चर केंद्र हे अधिकृत संग्रह आहेत. ओ-सेरोटाइप हवा असेल तर कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय साल्मोनेला व एश्चेरिशिया केंद्राकडे कल्चर पाठवता येतं. कोंबड्यांत ओ-१, ओ-२ आणि ओ-७८ ही नावं जगभर पुन्हा पुन्हा येतात.

विष्ठेतून थेट पीसीआर का नको, हेही विचारलं होतं. दोन कारणं. विष्ठेतले पित्तक्षार आणि गुंतागुंतीची शर्कराद्रव्यं टॅकला दाबतात, त्यामुळे खोटं निगेटिव्ह मिळतं. एक्स्ट्रॅक्ट दहापट पातळ करून पुन्हा लावलं आणि आता बँड आला, तर दाबणारं द्रव्य होतं हे समजा. दुसरं कारण मोठं आहे: विष्ठेत अनेक जिवाणू एकत्र असतात. आयएसएस एकाकडून, आययूटी-ए दुसऱ्याकडून आणि ओएमपी-टी तिसऱ्याकडून आलं तरी जेलवर ते एकाच रांगेत उभे राहतात आणि आपल्याला एकच भयंकर जिवाणू दिसतो, जो प्रत्यक्षात नाही. शिवाय पीसीआरमध्ये मेलेल्या जिवाणूचा डीएनएही सापडतो. औषध सुरू असलेल्या फार्मवर कल्चर निगेटिव्ह आणि पीसीआर पॉझिटिव्ह येणं हे रोजचं आहे.

इथवरचं थोडक्यात: नमुना अवयवातून, तुलना तीन ढिगांत, शुद्ध कॉलनी, पाच जनुकांचा संच, आयएसएस एकट्यावर भरवसा नाही, के-१२ निगेटिव्ह कंट्रोल म्हणून.

रिअल-टाइम हवं का? आहे-नाही विचारायचं असेल आणि हातात शुद्ध कल्चर असेल तर साधं पीसीआर आणि चांगलं जेल पुरतं. रिअल-टाइमची ताकद दोन ठिकाणी आहे: नमुने रोज खूप येत असतील तिथे, आणि जनुकाचं प्रमाण मोजायचं असेल तिथे. ते घ्यायचंच असेल तर स्टँडर्ड कर्व्ह स्वतः काढा. उतार उणे ३.३ च्या आसपास आणि कार्यक्षमता ९० ते ११० टक्क्यांत हवी, नाहीतर सीटीचे (कितव्या फेरीत संकेत दिसला त्याचे) आकडे नुसते सजावटीचे. लॅम्प ही डीएनए वाढवायची दुसरी पद्धत ६० ते ६५ अंशांवर एकाच तापमानाला चालते, थर्मोसायकलर लागत नाही, फार्मजवळच्या छोट्या लॅबला चांगली. पण तिच्यात दूषितीकरण फार पटकन होतं, म्हणून झालेली नळी उघडायची नाही. संपूर्ण जीनोम वाचायची सोय मिळत असेल तर दोन-चार निवडक कल्चर जरूर पाठवा. व्हिरुलन्सफाइंडरसारखी मोफत साधनं त्यातून जनुकं, जात आणि प्लाझ्मिड एकदम सांगतात. सगळेच नमुने पाठवायची गरज नाही.

वासरांसाठी मात्र हे पॅनल बाजूला ठेवा. कोंबडीची जनुकं वासराला लावून निगेटिव्ह आली आणि "ई. कोलाय नाही" असं लिहून दिलं, असे अहवाल मी पाहिले आहेत. वासराच्या हगवणीचा ई. कोलाय वेगळ्या हत्यारांनी काम करतो. जन्मल्यापासून पहिल्या चार-पाच दिवसांत पाण्यासारखी हगवण असेल तर एफ-५, म्हणजे जुन्या नावाने के-९९, आणि एसटी-ए हे उष्णतेत टिकणारं विष, या दोघांची जनुकं शोधा. दोन्ही एकत्र आली तर अर्थ लागतो, कारण एक आतड्याला चिकटायला लागतं आणि दुसरं पाणी ओढून बाहेर काढतं. वासरू मोठं होतं तसा त्याच्या आतड्यातला चिकटण्याचा आधार कमी होत जातो. म्हणून तीन आठवड्यांच्या वासरात के-९९ शोधत बसण्यात अर्थ नाही. तिथे रोटाव्हायरस, क्रिप्टोस्पोरिडियम आणि साल्मोनेला आधी पाहा. वय विचारल्याशिवाय मी वासराचा नमुना घेतच नाही.

मोठ्या गाई-म्हशींच्या शेणात एसटीएक्स-१, एसटीएक्स-२ (दोन्ही शिगा विषाची) आणि ईएई (आतड्याला चिकटण्याचं) ही जनुकं सापडतील. त्यासाठी १९९८ चं पॅटन आणि पॅटन यांचं मल्टिप्लेक्स आजही सरळ चालतं: एसटीएक्स-१ चा तुकडा १८०, एसटीएक्स-२ चा २५५, ईएईचा ३८४ बेसजोड्या. पण ही जनुकं सापडलेली गाय बहुधा ठणठणीत असते. शिगा विष ज्या ग्राहकाला धरतं तो गाईच्या आतड्याच्या रक्तवाहिन्यांत नसतो. माणसाच्या मूत्रपिंडात तो भरपूर आहे. त्यामुळे तोच जिवाणू गाईला काही करत नाही आणि ते कच्चं दूध प्यायलेल्या लहान मुलाला डायलिसिसपर्यंत नेऊ शकतो. जनुक तेच, यजमान बदलला की अर्थ बदलला. गोठ्याच्या मालकाला गाईसाठी औषध लिहून देऊ नका. त्याला दूध उकळायला, दोहनापूर्वी कास स्वच्छ धुवायला आणि घरातल्या लेकरांचे हात धुवायला सांगा.

बाकीच्यांबद्दल पटकन. साल्मोनेलाचं इन्व्ह-ए, १९९२ चे प्रायमर, २८४ बेसजोड्या: ते जवळपास प्रत्येक साल्मोनेलात असतं, म्हणून ती ओळखीची चाचणी आहे. रोगकारकतेचा तर-तम त्यातून कळत नाही. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्समध्ये सीपीए असंच सगळ्यांत असतं, त्याच्या बँडवरून नेक्रोटिक एन्टरायटिस ठरवू नका. कोंबडीत नेट-बी पाहा, आणि शेळ्या-मेंढ्यांच्या आंत्रविषारात ईटीएक्स. घटसर्पात पाश्चुरेलाचं केएमटी-१ आधी, मग कॅप्सूलचा बी प्रकार. कासदाहाच्या दुधात कॅल्शियम आणि चरबी पीसीआरला अडवतात, म्हणून आधी कल्चर.

सुरक्षिततेचं एक सांगायलाच हवं. जनावर अचानक मेलं, नाका-गुदद्वारातून न गोठणारं काळपट रक्त आलं, तर फाशी रोगाचा संशय धरा आणि शव उघडू नका. गर्भपाताच्या नमुन्यात ब्रुसेला असू शकतो, तो छोट्या लॅबमध्ये वाढवायचा नाही. आणि शेडमध्ये एकाएकी, मोठ्या प्रमाणात मरतूक झाली तर आधी बर्ड फ्लूचा विचार, जनुकं नंतर. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने गेले, त्यामुळे हे आपल्या शहराला नवं नाही. पक्षी न उघडता जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांना कळवा. त्या नमुन्यांची पक्की तपासणी भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत होते, आपण पोस्टमॉर्टेम टेबलवर ती करायची नसते.

आता फार्ममालकाचं. तो घाईत आहे आणि त्याची घाई खरी आहे. शेडमधला प्रत्येक पक्षी त्याचा पैसा आहे. रोगकारक जनुकांवरून औषध ठरत नाही, हे त्याला सरळ सांगा. औषध ठरतं अँटिबायोग्रामवरून (कोणतं अँटिबायोटिक त्या जिवाणूवर चालतं या चाचणीवरून), आणि डिस्क पद्धतीचा निकाल शुद्ध कल्चर मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी हातात येतो. म्हणून मी पीसीआर आणि डिस्क एकाच कल्चरवर एकाच दिवशी लावतो, औषधासाठी जेलची वाट पाहत नाही. कोलिस्टिनचा सल्ला कोणी दिला तर नकार द्या. जुलै २०१९ पासून देशात अन्नासाठीच्या जनावरांत आणि कोंबड्यांत त्याच्यावर बंदी आहे, आणि माणसाच्या अतिदक्षता विभागात ते शेवटच्या औषधांपैकी एक आहे. चौथा आठवडा म्हणजे पक्षी बाजाराच्या तोंडाशी आहेत. जे औषध द्याल त्याचा विथड्रॉवल काळ (औषध थांबवल्यापासून पक्षी विकेपर्यंत सोडायचे दिवस) आधी मोजा आणि तो मालकाला लिहून द्या.

तोवर आजच्या आज करता येण्यासारखं शेडमध्ये आहे. गुडघ्यावर बसून पक्ष्याच्या उंचीवर श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर अमोनिया जास्त आहे आणि एअर सॅकची वाट त्यानेच उघडली आहे. हिवाळ्यात आपल्याकडे रात्री थंडी पडते म्हणून पडदे पार खालपर्यंत बंद ठेवतात, तिथे ही तक्रार हमखास असते. वरची फट मोकळी ठेवायला सांगा, ओलं तूस उचलून टाका, निपलची गळती बंद करा, पाइपलाइन आतून धुवा आणि पाण्याचं क्लोरिनेशन तपासा. पोस्टमॉर्टेमला बर्सा (प्रतिकारशक्तीचा अवयव, गंबोरो त्यालाच धरतो) आणि श्वासनलिका नीट पाहा. गंबोरो, लासोटा लसीनंतरची प्रतिक्रिया, आयबी (विषाणूजन्य श्वसनरोग) किंवा मायकोप्लाझ्मा आधी येऊन गेला असेल तर ई. कोलाय मागून आलेला आहे, आणि पुढच्या बॅचलाही तो तसाच येईल.

तुम्ही पुढे लिहाल तेव्हा तीन गोष्टी द्या: आयएसएसच्या प्रायमरचा क्रम, जेलचा न कापलेला फोटो लॅडर आणि पाण्याच्या नळीसकट, आणि मेलेल्या पक्ष्यांच्या पोस्टमॉर्टेमच्या नोंदी. एमजी१६५५ वर प्रायमर लावून झाले असतील तर तो निकालही. नवे नमुने घेणार असाल तर या आठवड्यात, पुढचा औषधाचा डोस सुरू होण्याच्या आधी घ्या.